मालावालांची जागा

बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं आणि त्यानं असा टाहो फोडला, की पेरब्रूनच्या त्या लहानशा चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही खडबडून जागे झाले.

"शाबास!" एदित सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "या घरातलं कुणीतरी मनात आलं ते ताबडतोब बोललं."

पाद्री हसले. शेतकरी हसले. पहिल्या बाकावर काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले आन्सेल्म मालावाल मात्र हसले नाहीत. सुनेच्या बोलण्यावर हसणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

बाळ एदितच्या मुलीच्या, क्लारीसच्या हातात होतं. आपल्या भाच्याची ती धर्ममाता. देवावर फारसा विश्वास नाही, दर संपात पुढे, रोदेजच्या शाळेत इतिहास शिकवते, अशी धर्ममाता कुणी निवडली हे पाद्रींनी दोनदा विचारून घेतलं होतं. निवडली होती बाळाच्या आईनं, मायलिसनं. आणि मायलिसचं म्हणणं या बाबतीत कुणाला मोडता येत नव्हतं, कारण बास्त्यां जन्मला तेव्हा तिच्यापाशी फक्त क्लारीस होती. फेब्रुवारीतलं बर्फ, घाटातला रस्ता, आणि रोदेजच्या दवाखान्याकडे निघालेली अग्निशमन दलाची रुग्णवाहिका. ती पोचलीच नाही. बर्फात रुतून कडेला उभी राहिली, आणि दोन गडबडलेल्या जवानांसमोर मायलिस क्लारीसच्या मनगटावर नखं रोवून किंचाळत राहिली. पेरब्रूनच्या दवाखान्यातला प्रसूती विभाग त्याआधीच्या शरदात बंद झाला होता.

चर्चमधून घरी येईपर्यंत क्लारीसला वाटत होतं, आजचा दिवस भांडणाशिवाय पार पडेल.

अंगणातल्या लिंडनच्या झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. एदित बाह्या वर सारून मोठ्या पातेल्यात आलिगो घोटत होती. बटाटा आणि चीज एकजीव होऊन लाकडी डावाबरोबर वर वर ताणलं जात होतं. वीस वर्षं खासदार असूनही हे काम ती कुणाला करू देत नसे. "मनगट लागतं," ती म्हणायची, "आणि पॅरिसमध्ये मनगट वापरायला मिळत नाही."

तिचं मनगट गुरांच्या डॉक्टरचं होतं. राजकारण तिच्या माहेरी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते होतं मालावालांकडे. आन्सेल्म इथले खासदार, त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा ज्योएल उभा राहणार हे ठरलेलं. प्रचाराच्या ऐन धामधुमीत ज्योएलची गाडी ओल्या वळणावरून खाली गेली. छापलेल्या पत्रकांवर नुसतं 'मालावाल' ठळक अक्षरांत होतं. पक्षानं आणि आन्सेल्मनी मिळून त्याच्या विधवेला, एदितला, उभं केलं. एकदा निभावून ने, म्हणाले.

तिनं निभावलं नाही, ती बसलीच तिथे. पहिल्याच भाषणात शेतीमंत्र्याला म्हणाली, "तुम्ही वासरू ओढून काढलंय कधी? नाही ना? मग गायींवर बोलताना जरा हळू बोला." मंत्री तिच्याच पक्षाचा होता. त्यानंतर ती थांबली नाही. लांडग्यांना संरक्षण देणारे, चर्चच्या घंटांबद्दल आणि कोंबड्याच्या आरवण्याबद्दल तक्रार करणारे शहरी शेजारी, कर, संप, मुलांना शिस्त न लावणारे आईबाप, सगळ्यांवर तिची तोफ चालली. टीव्हीवाले तिला मुद्दाम बोलावत. ती कधी तोंड आवरत नसे, आणि बोललेलं परत घेत नसे.

एकदा टीव्हीवरच ती म्हणाली होती, "संप करणाऱ्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत बघून दाखवावं." क्लारीस तेव्हा संपावर होती. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ती शिरली आणि सगळ्यांची बोलणी थांबली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं ती रविवारच्या जेवणाला आली नव्हती.

"क्लारी, जरा आत ये ना," तिबो तिच्या कानाशी म्हणाला. "चीजची थाळी काढायला मदत कर."

तिच्या धाकट्या भावाला स्वयंपाकघरात चीज कुठे असतं हेही माहीत नव्हतं. वकील, उंची सूट, वडिलांसारखी हनुवटी. सकाळपासून तो फोन उलटा-सुलटा करत होता.

दार लावून तो म्हणाला, "आईचं तिकीट कापलंय."

"काय?"

"त्या आरोग्यमंत्र्याला संसदेत म्हणाली ना, की माझा नातू तुमच्यामुळे रस्त्यात जन्मला, म्हणून. आणि टीव्हीवर पक्षाच्या अध्यक्षांना खोटारडा म्हणाली. त्यांनी नुसती माफी मागा म्हणून सांगितलं होतं. दोन ओळी! ही काय म्हणाली, माहितीये ना?"

माहीत होतं. सगळ्या फ्रान्सला माहीत होतं. 'आमचा विभाग उघडा, मी गुडघ्यावर बसून माफी मागते. नाहीतर माझ्या दारात येऊ नका.'

क्लारीसच्या मनात पहिल्यांदा जे उमटलं, ते तिचं तिलाच आवडलं नाही. बरं झालं, असं काहीसं होतं ते. एकदा तरी त्या बाईला तोंडाची किंमत मोजावी लागली.

"मग कोणाला देतायत?"

तिबोनं टायची गाठ चाचपली. "मला."

बाहेर कुणीतरी हसत होतं, प्लेटा वाजत होत्या.

"मी नाही म्हटलं असतं तर पॅरिसहून कुणीतरी आणून बसवला असता," तो घाईघाईनं म्हणाला. "निदान जागा घरात राहतेय. तू तरी समजून घे. तिनं सगळ्यांत जास्त तुला छळलंय. आत्ता मस्यो फोंत्राय येतील पक्षाकडून, फोटोग्राफर घेऊन. चार पिढ्यांचा फोटो. आई आनंदानं सूत्रं सोपवतेय असं. तू तिला सांभाळ. तुझं ऐकेल."

"माझं? कधीपासून?"

"क्लारी, प्लीज."

"तिला आधी सांगितलं नाहीस?"

"फोंत्राय सांगणार आहेत. सगळ्यांसमोर ती तमाशा करणार नाही, असं आजोबांना वाटतं."

"आजोबांना माहीत आहे?"

"कल्पनाच त्यांची."

क्लारीसनं चीजची थाळी उचलली होती, ती परत ठेवली. "आणि मायलिसला?"

तिबो पुन्हा फोन उलटा-सुलटा करू लागला.

"तिबो. ज्यांनी तो विभाग बंद केला, त्यांच्या तिकिटावर तू उभा राहणार, आणि हे तुझ्या बायकोला माहीत नाही?"

"आज कळेलच ना."

मघाचं ते 'बरं झालं' कुठल्या कुठे गेलं. आईशी ती पंधरा वर्षं भांडत आली होती, पण तोंडावर. पाठीमागून, जेवणाच्या टेबलावर, बाळाच्या बाप्तिस्म्याला, फोटोग्राफर बोलावून कुणाचा काटा काढायचा, हे तिच्या डोक्यातही आलं नसतं.

ती बाहेर आली तेव्हा फोंत्राय येऊन पोचले होते. एदितचा हात ओठांशी नेत, बाळाच्या गालाला बोट लावत, वाइनची तारीफ करत. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राची बाई कॅमेऱ्याचा पट्टा सोडवत उभी होती.

"मादाम मालावाल," फोंत्राय ग्लास उंचावून म्हणाले, "वीस वर्षं तुम्ही या भागाचा आवाज होतात. पक्ष ते विसरणार नाही. आता थोडी विश्रांती घ्या. आणि आनंदाची गोष्ट अशी, की मशाल घरातच राहते आहे."

एदितच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"आपला तिबो..."

"'होतात' म्हणालात तुम्ही. मी मेले का?"

टाऊन हॉलमधला तिचा उजवा हात, मोठ्या पोटाचा फिर्मँ, प्लेटमधला मटणाचा तुकडा सुरीनं अधिकाधिक बारीक करत राहिला. त्यालाही माहीत होतं तर!

एदितनं मुलाकडे पाहिलं. "खरं आहे?"

"आई, मी तुला समजावून..."

"हो की नाही? एवढाच प्रश्न आहे."

"हो."

"बस खाली," आन्सेल्म म्हणाले. आवाज म्हातारा होता, पण टेबलावर अजून त्यांचाच चालत होता. "एदित, बस. कुणी तुझा अपमान करत नाहीये. ज्योएल गेला तेव्हा हा पोरगा लहान होता. तू जागा राखलीस, चांगली राखलीस, हे घर तुझं ऋणी आहे. आता ज्योएलचा मुलगा मोठा झालाय. मालावालांची जागा मालावालाकडे गेली, यात रागावण्यासारखं काय आहे?"

"मग मी कोण आहे, बाबा?"

"शब्दात पकडू नकोस."

"नाही, सांगा ना. वीस वर्षं दर सोमवारी पहाटे रोदेजहून आगगाडीत बसून पॅरिसला जात होते ती कोण? गुरांना रोग पडला तेव्हा गोठ्यागोठ्यात जाऊन शेतकऱ्यांबरोबर रडले ती कोण? यांच्या पोस्टासाठी, यांच्या शाळेसाठी, यांच्या त्या दवाखान्यासाठी मंत्र्यांच्या दारात उभी राहिले ती? राखणदार? सुट्टीत घराच्या किल्ल्या शेजारणीकडे ठेवतात, तशी?"

"तुझ्या जिभेनं घात केला," म्हातारा म्हणाला. "मी शंभरदा सांगितलं. मीही चिडायचो, पण पक्षाच्या आत. बाहेर नाही."

"हो, आत. म्हणून तुमच्या वेळेला पेरब्रूनची रेल्वे बंद झाली आणि कुणाला कळलंही नाही!"

"आजोबांना असं बोलू नकोस," तिबो म्हणाला.

"तू गप्प बस! तुझ्याशी बोलायला मला अजून शब्द सापडत नाहीयेत."

फोंत्रायनी खाकरून फोटोग्राफर बाईला खूण केली. त्यांच्या मते अशा वेळी कामाला लागलेलं बरं. "आपण फोटो घेऊन टाकू या का? आजोबा मध्ये, तिबो शेजारी, बाळ त्याच्या मांडीवर. मादाम, तुम्ही इथे, जरा कडेला..."

'कडेला' हा शब्द क्लारीसच्या कानात सुई टोचावी तसा घुसला. तिबोनं बाळाला घ्यायला हात पुढे केले.

मायलिसनं बाळ दिलं नाही.

ती शांत पोरगी होती. या घरात लग्न होऊन आल्यापासून टेबलावर तिचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. तिनं बास्त्यांला खांद्यावर घट्ट धरलं आणि उभी राहिली.

"हा या फोटोत बसणार नाही."

"मायलिस, एक मिनिटाचं काम आहे," तिबो हसल्यासारखं करत म्हणाला.

"तू तिथे नव्हतास," ती म्हणाली. "तू रोदेजला वाट बघत होतास, कॉफी पीत. मी त्या गाडीत होते. तो जवान, बिचारा, माझ्या पायांशी बसून फोनवर कुणाला तरी विचारत होता की आता काय करू. त्याचे दात वाजत होते. मला वाटलं मी मरणार. मला वाटलं हा मेलेलाच येणार. आणि तू त्यांच्याच..." तिनं बाळाचं झबलं सारखं केलं. "तू मला सांगितलंही नाहीस. सकाळी या झबल्याची बटणं लावलीस माझ्याबरोबर, तेव्हाही नाही."

"मी आत जाऊनच काहीतरी बदलू शकेन. बाहेर राहून ओरडून काय होतं? आईनं ओरडून काय मिळवलं?"

"त्या ओरडल्या तेव्हा मला पहिल्यांदा झोप लागली," मायलिस म्हणाली. "बाळ झाल्यापासून पहिल्यांदा. इतकं मिळवलं."

फोटोग्राफर बाईनं कॅमेरा खाली घेतला. फोंत्राय काहीतरी म्हणू लागले, कौटुंबिक विषय, हळवा क्षण, असं काहीबाही. आणि इथे क्लारीसचा तोल गेला.

"तुम्ही उठा बघू," ती म्हणाली. "उठा! माझ्या आईच्या टेबलावर बसून, तिचं घोटलेलं आलिगो खाऊन, तिलाच कडेला सरकायला सांगता? मी तिच्या एकाही मताशी सहमत नाही, मस्यो. आयुष्यात कधी नव्हते. पण तिनं मला जे काही ऐकवलं ते माझ्या तोंडावर ऐकवलं. तुम्हा लोकांना तेवढंही जमत नाही?"

"मादाम्वाझेल, मी पाहुणा..."

"फाटक तिकडे आहे."

फोंत्रायनी आन्सेल्मकडे पाहिलं. म्हातारा मायलिसच्या खांद्यावरच्या बाळाकडे बघत होता, त्यांच्याकडे नाही. फोंत्राय उठले. त्यांच्या गाडीचा आवाज उतारावरून खाली जाईपर्यंत कुणी काटा-चमचा उचलला नाही.

एदितनं डाव पातेल्यात ठेवला, हात पुसले आणि वर्तमानपत्राच्या बाईकडे वळली. "तुम्ही थांबलात ते बरं झालं. लिहून घ्या. एदित मालावाल अपक्ष उभी राहणार. आडनाव बदलणार नाही. ज्यांना त्याची अडचण होत असेल त्यांनी आपलं बदलावं."

"एदित," आन्सेल्म म्हणाले, "स्वतःच्या मुलाविरुद्ध?"

"तो माझ्याविरुद्ध उभा राहिलाय, बाबा. मी होते तिथेच आहे."

पुढचे आठवडे फार वाईट गेले. पेरब्रूनच्या भिंतींवर एकाच आडनावाची दोन पोस्टरं शेजारी शेजारी लागली. बाजारात लोक एदितचा हात हातात घ्यायचे आणि आता तिबोच्या प्रचारात असलेला फिर्मँ दिसला की सोडायचे. मायलिस बाळाला घेऊन माहेरी गेली. ती कुणाच्याच प्रचाराला आली नाही. 'मी सासूसाठी नाही, बास्त्यांसाठी बोलले,' एवढंच तिनं विचारणाऱ्याला सांगितलं. तिबोनं एकाही सभेत आईविरुद्ध शब्द काढला नाही. तिनं मात्र प्रत्येक सभेत त्याच्याविरुद्ध काढला, नाव घेऊन, आणि घरी येऊन दार लावून घेतलं. डाव्यांकडून क्लारीसच्याच शाळेतली सोलेन उभी होती, तिची मैत्रीण. शिक्षकांच्या खोलीत पुन्हा बोलणी थांबायला लागली.

जूनमध्ये पहिल्या फेरीच्या मतमोजणीला क्लारीस टाऊन हॉलमध्ये टेबलावर बसली. सोलेनच्या बाजूनं. लिफाफा फोडायचा, चिठ्ठी उलगडायची, नाव मोठ्यानं वाचायचं. आन्सेल्म खुर्ची ओढून अगदी समोर बसले होते. ती 'मालावाल' म्हणायची आणि सगळा हॉल पुढच्या नावासाठी श्वास रोखायचा. मालावाल, एदित. मालावाल, एदित. मालावाल, तिबो. मालावाल, एदित. बऱ्याच वेळानं म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले, पण ते उठून गेले नाहीत.

दुसऱ्या फेरीसाठी फक्त एदित आणि सोलेन उरल्या; तिबो पहिल्या फेरीतच बाद झाला. भिंतीशी उभा होता, एकटा. एदित हॉल ओलांडून त्याच्याजवळ गेली. लोकांना वाटलं आता मिठी मारेल.

"इथे काय उभा आहेस?" ती म्हणाली. "बायकोच्या माहेरी जा. आणि तिथे भाषण करू नकोस, ऐकून घे."

"आई, दुसऱ्या फेरीसाठी मी लोकांना तुला मत द्यायला सांगू का?"

"मला तुझी शिफारस नको. जा म्हटलं ना!"

तो गेला. मायलिसनं दार उघडलं की नाही, हे बरेच दिवस कुणाला कळलं नाही.

पुढच्या रविवारी एदित सोलेनविरुद्ध निवडून आली, पूर्वीपेक्षा कितीतरी कमी फरकानं. टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर अभिनंदनाचा गलका चालला असताना तिचा फोन वाजला. पक्षाचे अध्यक्ष होते, ज्यांना ती खोटारडा म्हणाली होती तेच. ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की शेजारी उभ्या क्लारीसला सगळं ऐकू येत होतं. झालं गेलं विसरून जाऊ, मादाम. आपल्या माणसांत परत या.

"विभाग उघडताय?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी समजावलं जात होतं. अंदाजपत्रक, डॉक्टरांची टंचाई, पुढच्या वर्षी पाहू.

"मग मी माझ्या माणसांतच आहे," एदित म्हणाली आणि फोन बंद केला. तिनं तो जोरात पर्समध्ये कोंबला. संतापानं, हे क्लारीसला लगेच कळलं. हा संताप ती लहानपणापासून ओळखत होती. आज पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली नाही.

दोघी चौक ओलांडून गाडीकडे चालू लागल्या. क्लारीस म्हणाली, "आई, मी आज कुणाला मत दिलं ते..."

"सांगू नकोस."

"का?"

"सोलेनला दिलं असशील तर मी चिडेन. आणि मला दिलं असशील," एदित गाडीचं दार उघडत म्हणाली, "तर त्याहून जास्त चिडेन. मी तुला अशी वाढवली नाही."